हीटर कोमट आणि काटा खाली: डॅशबोर्ड उतरवण्याआधी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझ्या वडिलांनी २००४ मध्ये साताऱ्यात घेतलेली मारुती झेन मी वापरते. बँकेतल्या बदलीमुळे गेल्या जुलैपासून मी सिमल्यात आहे आणि गाडीही इकडेच आणली आहे. थंडी सुरू झाल्यावर लक्षात आले की हीटर लावला की हवा जोरात येते, पण ती जेमतेम कोमट असते. चढावर थोडी ऊब जाणवते, सोलनच्या दिशेने उतार लागला की तीही जाते. तापमानाचा काटा ‘सी’च्या (म्हणजे थंडच्या खुणेच्या) जरासा वर येऊन तिथेच थांबतो. सकाळी समोरच्या काचेवर वाफ धरते आणि ती लवकर जात नाही. रेडिएटरमध्ये आम्ही पूर्वीपासून साधे पाणीच घालतो. इथल्या मेकॅनिकने हीटरची कॉइल गेली आहे, ती बदलण्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, असे सांगून मोठा खर्च काढला आहे. वडिलांचे म्हणणे असे की काही वर्षांपूर्वी गाडी खंबाटकी घाटात तापली होती, तेव्हा नेहमीच्या मेकॅनिकने ‘काहीतरी काढून टाकले’ आणि त्यानंतर ती कधीच तापली नाही. कॉइल बदलून घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

डॅशबोर्ड इतक्यात उतरवू देऊ नका. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हीटरविषयीचा नसून वडिलांनी सांगितलेल्या त्या खंबाटकीच्या आठवणीचा आहे. मेकॅनिकने तेव्हा काढलेली वस्तू जवळजवळ निश्चितपणे थर्मोस्टॅट होती, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजांत नुसते ‘वॉल’ म्हणतात. गाडी तापते म्हटले की वॉल काढून टाकायचा, ही महाराष्ट्रातल्या कितीतरी गॅरेजांतली जुनी पद्धत आहे. आणि साताऱ्याच्या हवेत हीटर वर्षातून चार सकाळीही कोणी लावत नसल्यामुळे त्या उपायाची किंमत कोणाच्या लक्षातही येत नाही. ती किंमत आता तुम्ही सिमल्यात मोजत आहात.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना तुमची बाजू पक्की राहील. पेट्रोल गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो, आणि त्याच पाण्याचा एक फाटा दोन बारीक होज पाइपांतून डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलमध्ये जाऊन परत येतो. ब्लोअर त्या तापलेल्या कॉइलवरून हवा ढकलतो, एवढेच हीटरचे काम. थर्मोस्टॅट हा या पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा आहे. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापेतो (नेमका आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो) तो बंद राहतो, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरून पटकन तापते. त्यानंतर तो हळूहळू उघडतो आणि जास्तीची उष्णता रेडिएटरकडे सोडतो. तो काढून टाकला की गाडी सुरू केल्याच्या पहिल्या मिनिटापासून सगळे पाणी रेडिएटरमधून थंड होत फिरत राहते. बाहेर दोन-तीन अंश तापमान असताना इंजिन कधीच पुरेसे तापत नाही, काटा ‘सी’ सोडत नाही आणि हीटरला द्यायला इंजिनाकडे काही शिल्लकच उरत नाही.

चढावर ऊब आणि उतारावर गारवा हे तुम्ही नोंदवलेले लक्षण या निदानाला फार चांगले जुळते. चढावर इंजिन भरपूर पेट्रोल जाळते आणि गाडीचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला वारा कमी लागतो. सोलनकडे उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असतो, तुमच्या एमपीएफआय इंजिनात (म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात) अशा वेळी पेट्रोलचा पुरवठा जवळपास थांबतो, आणि समोरून येणारा गार वारा मात्र रेडिएटरवर सारखा आदळत असतो. थर्मोस्टॅट शाबूत असता तर त्याने अशा वेळी वाट मिटून घेतली असती. कॉइल तुंबलेली असेल तर हवा कोमटच लागते, पण काटा खाली राहण्याचे काही कारण नसते. इंजिन नेहमीसारखे तापते आणि काटा मध्याच्या आसपास येतो. तुमच्या मेकॅनिकने काट्याकडे पाहिले असते तर कॉइलचे नाव इतक्या लवकर घेतले नसते, असे मला वाटते.

तरीही माझ्या पत्रावरून निर्णय न घेता एक चाचणी स्वतः करा. तिला हत्यारे लागत नाहीत. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचे बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या टोकाला येणारा जाड होज पाइप ओळखून ठेवा. गाडी सुरू करा आणि त्या पाइपवर अधूनमधून हात ठेवा. थर्मोस्टॅट जागेवर आणि चांगला असेल तर पहिली काही मिनिटे हा पाइप थंडच राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो, कारण दरवाजा उघडून तापलेले पाणी एकदम पुढे आलेले असते. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल तर पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू, कंटाळवाणेपणाने कोमट होत जातो आणि ‘एकदम’ असा क्षण येतच नाही. हे पाहताना शाल, ओढणी, मफलरची टोके नीट खोचून ठेवा. पट्टा फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होऊ शकतो.

त्या पंख्याकडेही याच वेळी लक्ष द्या. एसी बंद आणि इंजिन थंड असताना चावी फिरवताच पंखा सुरू होत असेल तर तो ‘डायरेक्ट’ केलेला आहे, म्हणजे तापमान पाहून पंखा चालू-बंद करणारा स्विच खराब झाल्यावर तो न बदलता वायर सरळ जोडून दिलेली आहे. वॉल काढणे आणि फॅन डायरेक्ट करणे ही जोडी बहुधा एकत्रच सापडते. नुसता थर्मोस्टॅट बसवून पंखा तसाच ठेवला तर हीटर सुधारेल, पण थंडीत गाडी चालू असेपर्यंत पंखा सतत फिरवण्यात काही अर्थ नाही. स्विच बदलून मूळची जोडणी करून घ्या.

आता हीटरच्या दोन बारीक पाइपांविषयी. वीस मिनिटे गाडी चालवून आणल्यावर हीटर पूर्ण ‘गरम’वर आणि ब्लोअर सर्वांत हळू ठेवून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत शिरणारे हे दोन पाइप चाचपून पाहा. दोन्ही कोमट असतील तर कॉइलला गरम पाणी मिळतच नाही, दोष तिच्या अलीकडे आहे: थर्मोस्टॅट, कमी झालेले पाणी, किंवा पाइपांत अडकलेली हवा. एक चटका बसेल इतका गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर कॉइल तुंबलेली आहे किंवा तिच्या वाटेवरचा वाल्व पूर्ण उघडत नाही. दोन्ही चटका देणारे असूनही आत हवा कोमट येत असेल, तर दोष आत गरम आणि गार हवा मिसळणाऱ्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा आहे. तापमानाचा खटका एका टोकापासून दुसऱ्या टोकाला झटकन नेला की डॅशबोर्डच्या आत झडप टेकल्याचा बारीक आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर केबल निसटलेली असण्याची शक्यता मोठी, आणि ती पायाकडच्या बाजूने वाकून पुन्हा अडकवता येते. वीस वर्षांच्या गाडीत झडपेवरचा फोम कुजून त्याचे काळे तुकडे हवेबरोबर बाहेर येतात, तेही याच दोषाचे लक्षण. तुमच्याकडे हवा जोरात येते, म्हणून ब्लोअर, त्याचा फ्यूज आणि रेझिस्टर यांत मी शिरत नाही.

थर्मोस्टॅट नाही असे ठरले तर तो बसवून घेणे हे काही शे रुपयांच्या वस्तूचे आणि थोड्या मजुरीचे काम आहे. बसवताना तीन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. पहिली, जुने घर उघडल्यावर आत रिंग दिसली म्हणून ‘वॉल आहे की’ असे कोणी म्हणाले तर ती रिंग हातात घेऊन पाहा, कारण पुष्कळदा मधला भाग कापून नुसती कड पुन्हा बसवलेली असते, जेणेकरून गॅस्केट नीट बसावे. दुसरी, नव्या थर्मोस्टॅटची स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि त्यावरची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला आली पाहिजे. तिथूनच अडकलेली हवा निसटते. तिसरी, गॅस्केट नवे घाला आणि ज्यावर ते बसते तो पृष्ठभाग जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून स्वच्छ करून घ्या. तुमच्या झेनचे इंजिन ॲल्युमिनियमचे आहे, तेव्हा हे खरवडणे पत्र्याच्या तुकड्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने करू देऊ नका.

नवा थर्मोस्टॅटही बसवण्यापूर्वी तपासता येतो. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये, आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडून पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला की माल चांगला. सिमल्यात मात्र एक गंमत लक्षात ठेवा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर उघड्या पातेल्यातले पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते, त्याच्या वर ते जात नाही. ८२चा थर्मोस्टॅट त्यात उघडायला लागलेला दिसेल, पण पूर्ण उघडलेला कदाचित दिसणार नाही. तेवढ्यावरून तो खराब म्हणून परत करू नका. गाडीत ही अडचण येत नाही, कारण रेडिएटरची कॅप पाणी दाबाखाली ठेवते आणि त्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू बराच वर जातो. म्हणूनच ती कॅप, तिचे रबर आणि स्प्रिंग शाबूत असणे इथे साताऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

यापुढचा मुद्दा हीटरपेक्षाही तातडीचा आहे. रेडिएटरमध्ये साधे पाणी आहे, असे तुम्ही सहज लिहून गेलात. सिमल्यात जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली जाऊ शकते, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. उघड्यावर रात्रभर उभ्या गाडीत ते गोठले तर रेडिएटर फुटू शकतो, इंजिनालाही तडा जाऊ शकतो. तो खर्च डॅशबोर्ड उतरवण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा असतो. हे पत्र वाचल्यावर थर्मोस्टॅट मिळायला आठवडा लागणार असेल, तरी कुलंट, म्हणजे सहज न गोठणारे रेडिएटरचे द्रव, मात्र त्याच दिवशी भरून घ्या. इथिलीन ग्लायकोल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, शिवाय त्यातली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे रक्षण करतात. कॅनवर ‘रेडी मिक्स’ लिहिले असेल तर त्यात आणखी पाणी घालायचे नसते. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी वापरा. नळाच्या पाण्यातले क्षार आत पापुद्र्यासारखे बसत जातात आणि हीटर कॉइलच्या बारीक नळ्या सर्वांत आधी त्यांच्याच तावडीत सापडतात. जुने पाणी काढल्यावर तांबूस येत असेल तर बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत आतून धुऊन घ्या, आणि धुण्याचे पाणी आत शिल्लक राहिले असेल हे लक्षात घेऊन कुलंटचे प्रमाण ठरवा. रेडिएटर, इंजिन आणि हीटर मिळून एकूण किती कुलंट मावते ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ग्लायकोल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. सांडलेले लगेच धुऊन काढा, कारण सिमल्याच्या रस्त्यांवर कुत्री काही कमी नाहीत.

भरताना हवा अडकू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण हीटर कॉइल ही पुष्कळ गाड्यांत उंचावर असते आणि हवेचा बुडबुडा नेमका तिथे जाऊन बसतो. गाडी पुढची बाजू वर येईल अशा चढावर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत, हीटरचा खटका पूर्ण ‘गरम’वर ठेवावा आणि थंड इंजिनावरच कॅप उघडून हळूहळू कुलंट ओतावे. मग कॅप न लावता इंजिन आयडलवर चालू द्यावे, वरचा जाड पाइप मधूनमधून दाबावा, बुडबुडे येत राहतील तशी पातळी खाली जाईल आणि ती भरत जावी. वरचा पाइप गरम झाला, बुडबुडे थांबले, केबिनमध्ये गरम हवा येऊ लागली की कॅप लावावी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहावी, बहुधा थोडी भर घालावी लागते. तापलेल्या इंजिनाची कॅप मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही हात भाजून घेणारे दरवर्षी भेटतात.

आता वडिलांच्या बाजूविषयी, कारण त्यांना हे समजावून सांगण्याची वेळ तुमच्यावर येणार आहे. गाडी तापत नाही हे चांगले, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. पण थंड चालणारे इंजिन निरोगी नसते. तापमान कमी आहे असे सेन्सरकडून कळल्यामुळे संगणक पेट्रोल जास्त सोडत राहतो, मायलेज घटते, न जळलेले पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरतात आणि ऑइल जितके तापायला हवे तितके तापत नसल्यामुळे ती ओल उडून जात नाही. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतून ताकाच्या फेसासारखा पांढरट थर दिसला तर तो याचा परिणाम असू शकतो, आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गळत असल्याचेही ते लक्षण असू शकते.

खरा प्रश्न इथे येतो. खंबाटकीत गाडी का तापली होती? थर्मोस्टॅट बंद अडकला होता, एवढेच कारण असेल तर नवा बसवल्यावर सगळे सुरळीत होईल. पण रेडिएटर आतून तुंबला असेल, कॅप दाब धरत नसेल, वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची, पाती झिजली असतील किंवा हेड गॅस्केट कुठे कच खात असेल, तर वॉल काढल्याने तो दोष नुसता झाकला गेला. थर्मोस्टॅट परत आल्यावर तो पुन्हा वर येईल. म्हणून बसवल्यानंतरचे पहिले काही दिवस लांबचा प्रवास टाळा आणि चढावर काट्यावर नजर ठेवा. तो मध्याच्या आसपास येऊन स्थिर राहिला पाहिजे. त्याच्या वर सरकू लागला तर हीटर आणि ब्लोअर दोन्ही पूर्ण चालू करा, म्हणजे केबिनमार्फत थोडी उष्णता बाहेर पडेल, आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवा. अशा वेळी मेकॅनिक पुन्हा ‘वॉल काढू या’ म्हणेल. त्याला रेडिएटरची प्रेशर टेस्ट करायला सांगा आणि थंड इंजिनाची कॅप उघडून गाडी सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहायला सांगा. हवा काढून झाल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, कुलंट कुठेही न गळता कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बोट जाते.

एवढे सगळे करून काटा मध्यावर आला, दोन बारीक पाइपांपैकी एक मात्र गारच राहिला, तर तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे निघाले असे समजा. तेव्हाही आधी कॉइल उलट दिशेने धुऊन पाहायला सांगा: दोन्ही पाइप सुटे करून, ज्या तोंडातून पाणी बाहेर येते तिथून साध्या नळाच्या दाबाने पाणी सोडावे, गाळ निघेल, पाणी स्वच्छ येऊ लागले की थांबावे. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, जुनी कॉइल त्या दाबाने फुटते. कॉइल बदलण्याचे पक्के कारण एकच, ती गळणे; आणि ते ओळखता येते. कुलंट भरल्यानंतर केबिनमध्ये गोडसर वास आला, पायाखालचे मॅट ओले झाले, काचेवर आतून पुसली तरी तेलकट थर धरू लागला, तर डॅशबोर्ड उतरवण्यावाचून इलाज नाही. अशा वेळी काही मेकॅनिक दोन पाइप एकमेकांना जोडून कॉइल वाटेतून काढून टाकतात. साताऱ्यात ते चालून जाते. सिमल्यात त्याचा अर्थ समोरची काच कधीच साफ होणार नाही असा होतो, म्हणून गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापलीकडे त्याचा उपयोग करू नका.

दुरुस्ती होईपर्यंत काचेवरच्या वाफेसाठी हवेचा खटका बाहेरच्या हवेवर ठेवा, आतलीच हवा फिरवू नका. माणसांच्या श्वासातली ओलच काचेवर बसत असते. एसी चालू केल्यास हवा कोरडी होते आणि वाफ लवकर जाते, पण तापमान शून्याजवळ असेल तर कॉम्प्रेसर चालूच होत नाही. डोंगरातले ट्रकवाले रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात, तसा तुम्हीही चार दिवस लावू शकता. अर्ध्याहून अधिक रेडिएटर झाकू नका, आणि थर्मोस्टॅट बसला त्या दिवशी पुठ्ठा काढून टाका. गाडी गरम करण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका आणि बर्फ पडल्यावर सायलेन्सरचे तोंड मोकळे आहे याची खात्री करूनच गाडी सुरू करा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅरेजमध्ये जाताना कामे या क्रमाने लिहून न्या: कुलंट, थर्मोस्टॅट व गॅस्केट, रेडिएटर कॅप, पंख्याचा स्विच, हीटरचे दोन पाइप आणि त्यांच्या क्लिपा. हे पाइप २००४ चेच असतील तर बोटांनी दाबून पाहा; कडक झाले असतील किंवा दुमडल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर याच वेळी बदला, कारण वॉल काढल्यापासून कोमट पाणी वाहून नेलेल्या जुन्या रबराला आता पुन्हा खरे गरम पाणी आणि पूर्ण दाब सोसावा लागणार आहे.